उखर्डू, दगडू आणि आल्टर

जळगाव-धुळ्याकडचा एखादा जुना सातबारा किंवा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर चाळू लागले, की दगडू, धोंडू, भिका, उखर्डू, फकिरा ही नावे ओळीने भेटतात. आणि ज्यांनी पोटच्या पोराला उकिरड्याचे नाव दिले त्यांना एक तर अक्कल नसावी किंवा माया तरी नसावी, असा निवाडा शहरात वाढलेला नातू आजोबांच्या नावाची लाज वाटून मनोमन देऊन टाकतो. या निवाड्यावर अपील करणे भाग आहे.

ज्या घरात पाठोपाठ मुले दगावली, तेथे नवे मूल जन्मले की त्याला सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवीत. शेजारीण ते ‘सापडले’ म्हणून उचलून आणी, आणि बाळंतीण पसाभर धान्य मोजून आपलेच मूल तिच्याकडून विकत घेई. हेतू एवढाच, की सटवीला ते टाकाऊ वाटावे आणि तिची नजर पुढच्या घरी जावी. असे मूल उखर्डू. मागून आणल्याचा बहाणा केला तर भिका. मुलगी समजून चकवा बसावा म्हणून नाक टोचले तर नथू. आणि दगडाला कोणता रोग खाणार? नाव जितके ओंगळ तितके मूल नवसाचे, असे त्रैराशिक मांडले तरी फारसे चुकणार नाही.

अशी नावे केवळ खालच्या मानलेल्या जातींत असत, हाही भ्रमच. १८५८ साली जन्मलेले महर्षी कर्वे धोंडो केशव होते, आणि सत्तावन्नच्या बंडातील नानासाहेब पेशवे धोंडोपंत.

हा आपल्याच अडाणीपणाचा नमुना म्हणावा, तर पूर्व युरोपातील यहुद्यांच्या यिद्दिश भाषेत ‘आल्टर’ हे नाव आहे. त्याचा अर्थ म्हातारा, आणि ते ठेवायचे तान्ह्या, दुखणाईत पोराला. बाळ न्यायला आलेल्या मृत्युदूताने म्हातारा पाहून परत फिरावे म्हणून! यहुद्यांची नावे झाडून सारी धर्मग्रंथातली, ही समजूतही खरी नव्हे: बेर म्हणजे अस्वल, हिर्श म्हणजे हरीण, गोल्डा म्हणजे सोने. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर खानदेशात जन्मत्या तर सोनाबाई झाल्या असत्या. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांना मात्र यिद्दिशचा गंध नव्हता. त्यांची मातृभाषा मराठी, म्हणून सॅम्युएलचा सामाजी आणि एझेकिएलचा हसाजी झाला. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारणारे गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर या नावानेच ओळखले जात.

साहेबराव, दौलत, हिंमतराव, गुलाबराव ही नावे ऐकून या घराण्यांत कधी काळी धर्मांतर झाले असावे, असा तर्क काही विद्वान लढवतात. पण खुलासा त्याहून साधा आहे. खानदेशात थाळनेरच्या किल्ल्यातून चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला फारुकी सुलतानांचा अंमल अकबराने १६०१ साली अशीरगड घेईपर्यंत चालला, आणि पुढेही दफ्तराची भाषा बराच काळ फारसी राहिली. दौलत, हिंमत, साहेब हे शब्द तिथून घरात आले आणि घरचेच झाले. फकिरा तर पिराला केलेल्या नवसाचा, आणि नवस बोलताना आमच्या आज्यांनी देवाचा धर्म विचारला नाही.

एका नावाचे समर्थन मात्र मी करणार नाही. ‘नकुशी’ ठेवणाऱ्यांना मृत्यूला चकवायचे नव्हते. त्यांना पुढे मुलगी खरोखरच नको होती, आणि तो नकार त्या पोरीला शाळेच्या हजेरीपासून लग्नपत्रिकेपर्यंत वागवावा लागे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. दगडूचा दाखला बदलण्याचे कारण नाही. नकुशीचा बदलला, ते उत्तम झाले.