आपलीच गिटार आपल्या कानांनी : नवशिक्यांसाठी घरगुती ध्वनिमुद्रण



गिटार शिकू लागलेल्या माणसाच्या मनात दोनतीन महिन्यांनी एक इच्छा हमखास जागी होते. आपण वाजवलेले मुद्रित करून ऐकावे आणि जमलेच तर चार आप्तांना ऐकवावे, असे त्याला वाटू लागते. पूर्वी त्यासाठी स्टुडिओची पायरी चढावी लागे. आज घरातला साधा संगणक आणि विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर ते काम भागते. मात्र ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले की पडद्यावरील असंख्य बटणे आणि अपरिचित शब्द पाहून उत्साह मावळतो. काही जण तेथेच थांबतात. काही जण महागडी उपकरणे विकत आणतात आणि मग थांबतात.

आम्ही पन्नाशी ओलांडल्यावर गिटार हाती घेतली आणि त्याच वर्षी ध्वनिमुद्रणाचेही धडे गिरवू लागलो. दोन्ही विषयांत नवखे असल्याने चुकाही दुप्पट झाल्या. त्या वाटेवर जे पदरी पडले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

घरगुती ध्वनिमुद्रणाची परंपरा

घरी बसून मुद्रण करणे ही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्येच स्टुडिओ थाटला होता. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत गिटारचे आठ भाग ऐकू येतात आणि ते आठही त्यांनी स्वतः वाजवलेले आहेत. एक भाग तबकडीवर मुद्रित करायचा, ती तबकडी वाजवत असताना सोबत दुसरा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायचे, अशी ती पद्धत होती. शेवटच्या थरात चूक झाली, तर तो थर तेवढा पुसून टाकण्याची सोय नव्हती.

पुढे १९७९ साली टास्कॅम या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ १४४' हे यंत्र आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या मुद्रित करण्याची सोय त्यात होती. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर काही गाण्यांचा कच्चा आराखडा मुद्रित केला. नंतर वाद्यवृंदासह ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधला जिव्हाळा त्यांत उतरला नाही. अखेर त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. साधने साधी असली तरी गाणे उभे राहू शकते, हे नवशिक्याने मनाशी धरावे.

सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

संगणकावरील सॉफ्टवेअर म्हणजे त्याच चार पट्ट्यांच्या यंत्राचा विस्तार होय. प्रत्येक वाद्याची वा आवाजाची स्वतंत्र पट्टी असते. तिला 'ट्रॅक' म्हणतात. एक ट्रॅक ऐकत दुसरा मुद्रित करता येतो आणि नको तो खुशाल पुसता येतो.

'ऑडॅसिटी' हे त्यांपैकी सर्वपरिचित नाव. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते विकसित केले आणि मे २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालते. अॅपलचा संगणक असल्यास २००४ साली आलेले 'गॅरेजबँड' हा उत्तम पर्याय आहे. 'रीपर' अधिक समर्थ आहे. ते साठ दिवस मोफत वापरून पाहता येते, पुढे परवाना घ्यावा लागतो.

यांपैकी कोणतेही एक निवडावे आणि निदान सहा महिने तेच वापरावे. आज हे, उद्या ते, असे करणाऱ्याची गिटार कोपऱ्यात पडून राहते. नवशिक्याला लागणाऱ्या गोष्टी या सर्वांत आहेत : मुद्रण करणे, ऐकणे, कापणे, आवाजाची पातळी ठरवणे आणि फाईल बाहेर काढणे. या पाच क्रिया हाती बसेपर्यंत बाकीची बटणे पाहूच नयेत.

आवाज संगणकात कसा शिरतो?

तार छेडली की हवेत कंपने उठतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० असतात. माईक या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. संगणक त्या संकेताची उंची ठरावीक अंतराने मोजून आकडे लिहीत जातो. सीडीसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा केले जाते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू शकतो आणि कोणतेही कंपन नीट टिपायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, हे त्यामागील कारण.

प्रत्येक मोजमाप किती बारकाईने करायचे, हे 'बिट' या संख्येवरून ठरते. १६ बिटमध्ये उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६८ लाख. म्हणून मुद्रण करताना शक्य तर २४ बिट निवडावे. हळू आवाजात मुद्रण केले तरी त्याचा दर्जा टिकतो.

वाहिनी मात्र एकच, म्हणजे 'मोनो' ठेवावी. माईक एकच असताना 'स्टिरिओ' निवडून फाईल दुप्पट मोठी होण्यापलीकडे काही साधत नाही.

माईक, खोली आणि पंखा

अकूस्टिक गिटारसाठी संगणकाला थेट जोडता येणारा यूएसबी माईक पुरेसा होतो. इलेक्ट्रिक गिटार असेल, तर 'ऑडिओ इंटरफेस' नावाची छोटी पेटी लागते. गिटारची तार लॅपटॉपच्या माईकच्या भोकात खुपसली, तर आवाज किरटा आणि फाटका येतो, कारण ते भोक त्या कामासाठी बनवलेलेच नाही.

माईक कोठे ठेवावा? गिटारच्या गोल तोंडासमोर ठेवावा, असे सर्वांनाच वाटते. आम्हीही तेच केले आणि हंड्यात बोलल्यासारखा घुमणारा आवाज पदरी पडला. पोकळीतली हवा तेथून जोराने बाहेर पडते, म्हणून खर्जाचा आवाज फुगतो. माईक गिटारच्या मानेच्या बाजूला, बाराव्या फ्रेटच्या समोर, साधारण आठ ते बारा इंचांवर ठेवावा. मग जागा दोनदोन इंच बदलत मुद्रण करून पाहावे. माईकची जागा बदलून जो फरक पडतो, तो सॉफ्टवेअरमधील खटपटींनी साधत नाही.

खोलीचाही विचार करावा. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज परततो. पलंग, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली बरी. पाठीमागे एखादी गोधडी टांगली तरी फरक जाणवतो. मुद्रण करताना छतावरचा पंखा बंद ठेवावा. शेजारच्या कुकरची शिट्टी आणि चर्चची सायंकाळची घंटा आमच्या कित्येक प्रयत्नांत कायमची मुद्रित झाली आहे. आता आम्ही वेळ पाहून बसतो.

पहिल्या संध्याकाळी काय करावे?

प्रथम गिटार सुरात लावावी. बेसूर तार कोणतेही सॉफ्टवेअर सुरात आणून देणार नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये योग्य माईक निवडला आहे ना, हे तपासावे. नवा माईक जोडूनही आमचा संगणक दोन संध्याकाळी स्वतःच्याच आतल्या माईकवरून मुद्रण करीत होता, आणि आम्ही नव्या माईकला बोल लावत होतो. माईकला नखाने हलकी टिचकी मारावी. पडद्यावरील मापक जोरात उसळला, तर निवड बरोबर आहे.

मग जितक्या जोरात प्रत्यक्ष वाजवणार, तितक्या जोरात वाजवून पातळी ठरवावी. मापकावर शून्य हे छत आहे. आवाज त्याला टेकला की लहरींचे शेंडे कापले जातात आणि खरखर येते. ती पुढे दुरुस्त होत नाही. आवाजाचे सर्वोच्च टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे.

मुद्रण सुरू केल्यावर चारपाच सेकंद स्तब्ध बसावे आणि मग वाजवावे. त्या शांततेत खोलीचा मूळ गुणगुणाट टिपला जातो. ऑडॅसिटीतील 'नॉइज रिडक्शन' हे साधन त्याचाच नमुना घेऊन पुढची गुणगुण कमी करते. त्याचा वापर अगदी बेताने करावा, अन्यथा गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी वाटते.

शेवटी काम जपून ठेवावे. येथे नवशिक्यांची एक फसगत होते. 'सेव्ह' केल्यावर तयार होणारी प्रकल्पाची फाईल त्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते. ती मित्राला पाठवून उपयोग नाही. दुसऱ्याला ऐकवण्यासाठी 'एक्स्पोर्ट' करून वेव्ह किंवा एमपी३ फाईल काढावी लागते.

दुसरा ट्रॅक मागे का पडतो?

पहिला ट्रॅक ऐकत दुसरा मुद्रित केला, की दोन्ही जुळत नाहीत आणि आपला ताल बिघडला असे वाटते. नेहमी दोष आपलाच असतो असे नाही. संगणक आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे पाठवतो. त्यामुळे जो विलंब होतो, त्याला 'लेटन्सी' म्हणतात. साठवण १,०२४ मोजमापांची असेल, तर एका दिशेला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. समोरचा वादक आठ मीटर दूर बसल्यावर त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच हा. साठवण २५६ वर आणली, तर विलंब सहा मिलिसेकंदांखाली येतो. मात्र संगणक जुना असेल, तर आवाज तुटू लागतो. मधला आकडा शोधावा लागतो.

ऑडॅसिटीत ही तफावत मोजता येते. 'जनरेट' या यादीतील 'रिदम ट्रॅक' वापरून ठोक्यांचा एक ट्रॅक तयार करावा. हेडफोन माईकला टेकवून तो दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावा. दोन्ही ठोक्यांमधले अंतर पाहून 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' या जागी दुरुस्त करावे. अर्ध्या तासाचे हे काम पुढचे कित्येक महिने मनस्ताप वाचवते.

लहरींकडे पाहून ताल शिकावा

आमच्या मते नवशिक्याला सर्वाधिक लाभ येथे होतो. मिनिटाला ६० ठोके असा मेट्रोनोम लावावा. तो हेडफोनमध्येच ऐकावा, म्हणजे माईकमध्ये शिरत नाही. प्रत्येक ठोक्याला एक, अशा साध्या कॉर्ड दोन मिनिटे वाजवून मुद्रित कराव्या. मग पडद्यावर दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहावे. ठोका एका ट्रॅकवर आणि आपण छेडलेल्या तारेची लहर दुसऱ्यावर, एकमेकांखाली दिसतात.

आमच्या पहिल्या मुद्रणात 'जी' कॉर्डवरचे सर्व ठोके नीट जुळलेले होते. 'जी'वरून 'सी'वर जाताना मात्र प्रत्येक वेळी पाव सेकंद उशीर, आणि तो भरून काढण्यासाठी पुढच्या ठोक्याला घाई. वाजवताना याचा पत्ताही नव्हता, कारण तेव्हा सारे लक्ष बोटांकडे असते. आपण गिटार वरून, पाठीमागून ऐकतो. समोर बसलेल्याला काय ऐकू येते, ते माईक सांगतो. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही केवळ त्या दोन कॉर्डची अदलाबदल केली आणि पुन्हा मुद्रण केले. सुधारणा कानांना ऐकू आली आणि डोळ्यांनाही दिसली.

कात्री कोठवर चालवावी?

एक प्रसंग सांगून थांबतो. एका गाण्याचे आम्ही अकरा वेळा मुद्रण केले आणि प्रत्येकातला बरा तुकडा कापून एक सलग गाणे जोडले. वर थोडा घुमारा चढवला. ज्यांनी ऐकले त्यांनी वाहवा केली आणि आम्हीही सुखावलो. काही दिवसांनी युवकांच्या एका मेळाव्यात तेच गाणे वाजवण्याचा आग्रह झाला. तिसऱ्याच ओळीला बोटे अडखळली. समोरची मुले भली होती, ती टाळ्या देत गात राहिली. पण जे आपल्याला येत नव्हते ते येते असे आपण सांगितले, याची बोच त्या रात्री लागून राहिली.

कापणे-जोडणे मुळात वाईट नव्हे. सुरुवातीची शांतता वा खोकल्याचा आवाज काढून टाकावा. व्यावसायिक स्टुडिओतही तुकडे जोडले जातात. पण तेथील वादकाला ते गाणे सलग वाजवता येत असते. शिकणाऱ्याने प्रत्येक चूक कात्रीने काढली, तर चूक पडद्यावरून जाते आणि बोटांत राहते.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. दर महिन्याच्या अखेरीस एक गाणे आरंभापासून शेवटपर्यंत एकदाच वाजवायचे, त्याला कात्री लावायची नाही आणि तारखेचे नाव देऊन फाईल जपून ठेवायची. ती कुणाला ऐकवायची नसते. सहा महिन्यांनी पहिली आणि सहावी फाईल लागोपाठ ऐकावी. आपण किती पुढे आलो आणि कोठे अजून तसेच आहोत, हे दोन्ही तेथे प्रामाणिकपणे नोंदलेले असते.

आपल्या घरात कुणी मुलगा वा मुलगी गिटार शिकत असेल, तर त्यांना या वाटेने जाण्यास अवश्य उत्तेजन द्यावे. प्रारंभी कोणतीही खरेदी करू नये. असलेला संगणक, विनामूल्य सॉफ्टवेअर आणि पंखा बंद केलेली एक खोली पुरेशी आहे. पहिले मुद्रण ऐकून ती मुले बहुधा हिरमुसतील. ती फाईल मात्र त्यांना पुसू देऊ नका.