झिजेचे मूळ

मुलांनो, अहिल्यानगरचे, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरचे, मोटारीशी जुने नाते आहे. आज राज्यभर धावणाऱ्या एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. अशा या नगरात जुन्या यंत्रांची नाडी ओळखणारी माणसे भेटावीत, यात नवल नाही. त्यांपैकी एका वृद्ध मिस्त्रींची ही हकीकत आहे.

माझ्या एका स्नेह्यांजवळ त्यांच्या वडिलांची दोन आसनांची, वेगवान मोटार आहे. कित्येक पावसाळे ती पडवीत उभी होती. दुरुस्त होऊन ती रस्त्यावर आली, तेव्हा घरात सणाचा आनंद झाला. परंतु थोड्याच दिवसांत करंजी घाटाच्या चढावर तिला धाप लागली आणि ऐन वळणावर ती बंद पडली. मागे मालमोटारींची रांग लागली. इंजिनात ठिणगीच पडत नव्हती. कारण पॉइंट नावाचा लहानसा भाग झिजला होता. तो बदलला. हजार किलोमीटर होण्यापूर्वीच नवा पॉइंटही झिजला. तिसऱ्यांदा तसेच घडले, तेव्हा स्नेही कंटाळून वडिलांची आठवण विकावयास निघाले.

पॉइंट करतो तरी काय? मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा 12 व्होल्ट असतो. तेवढ्याने ठिणगी उडत नाही. म्हणून विजेचा प्रवाह कॉइल नावाच्या तारेच्या वेटोळ्यातून नेतात. हा प्रवाह एकाएकी तोडला, की कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडून पेट्रोलची वाफ पेटते. प्रवाह जोडण्याचे व तोडण्याचे काम पॉइंटच्या दोन टिकल्या करतात. शेजारी फिरणाऱ्या कॅमचे उंचवटे पॉइंटच्या टाचेला ढकलतात, तेव्हा टिकल्यांमध्ये सुमारे 0.4 मिलिमीटर फट पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला 100 वेळा, म्हणजे तासाला 3,60,000 वेळा उघडतो! तरीही नीट निगा राखल्यास तो हजारो किलोमीटर टिकतो. मग हा इतक्या लवकर का झिजावा?

मिस्त्रींनी नवा पॉइंट बसवण्यापूर्वी जुने पॉइंट मागून घेतले. ते म्हणाले, "गुरुजी, झिजलेली वस्तू म्हणजे साक्षीदार. तिलाच फेकून दिले, तर चोर कसा सापडणार?"

भिंगातून पाहत ते समजावू लागले. एका टिकलीत खड्डा व दुसरीवर उंचवटा असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. टिकल्या जळून निळ्याकाळ्या झाल्या असतील, तर प्रवाह प्रमाणाबाहेर वाहत असेल किंवा टिकल्यांवर तेल उडत असेल. प्रत्येक उंचवट्यावर फट निरनिराळी भरत असेल, तर फिरणारा दांडा ढिला झाला असेल. येथे मात्र टिकल्या बऱ्या होत्या. टाचच घासून आखूड झाली होती. त्यामुळे फट कमी होत गेली, ठिणगी उशिरा पडू लागली, चढावर इंजिनाचे बळ सरले आणि शेवटी टिकल्या उघडेनाशा झाल्या.

टाच कशाने घासली? मिस्त्रींनी कॅमवरून बोट फिरवले. तो कोरडा आणि गंजाने खरखरीत झाला होता. इतक्या पावसाळ्यांची ओल त्याला लागली होती. आता तो कानशीप्रमाणे टाच कातरत होता. मिस्त्रींनी कॅम घासून गुळगुळीत केला आणि त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. कारण अधिक ग्रीस उडून टिकल्यांवर गेले, तर त्याच जळू लागतात. मग पॉइंट बसवून फट मोजली.

"साहेब," ते स्नेह्यांना म्हणाले, "पॉइंट निर्दोष होता. दोष त्याच्या शेजाऱ्याचा होता."

त्यानंतर गाडी करंजीचा घाट न थांबता चढली. आजही ती त्याच घरी आहे.

हल्लीच्या मोटारींत असा पॉइंट नसतो. त्याचे काम इलेक्ट्रॉनिक साधने करतात. तथापि मिस्त्रींची रीत जुनी झालेली नाही. वही बदलल्याने चुकलेले गणित सुटत नाही. ते कोठे चुकले, हे पाहावे लागते. वस्तू मोडली, तर ती बदलण्यापूर्वी ती का मोडली, हे विचारावे.