गोंदियाहून विजयदुर्गास

आपल्या धानाच्या मुलखात तळी पुष्कळ. समुद्र मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकास. तथापि तेथे जाणे वाटते तितके दुर्घट नाही. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे व मिरज ह्या मार्गाने 1300 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून थेट कोल्हापुरास पोहोचते. एका अहोरात्राहून अधिक काळ लागतो. परंतु गाडी बदलावी लागत नाही, हा मुलाबाळांसह निघणारास मोठाच लाभ होय.

कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्ग अद्याप झालेला नाही. सबब पुढे गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी, तळेरे असा मोटाररस्ता धरावा. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला विजयदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे होता. 1756 साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून तो जिंकला आणि मराठी आरमाराचे बळ खचले. नजीकच्या देवगड भागात कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून लावलेल्या हापुसाच्या बागा शेतकरी बंधूंनी अवश्य पाहाव्या.

जाण्याहून परतणे अधिक जपावे. परतीचे आरक्षण निघण्यापूर्वीच करावे व कोल्हापुरास एक मुक्काम हाताशी राखावा. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, आणि आपली रोवणीही तेव्हाच असते. म्हणून मळणी उरकून, धानाचा चुकारा हाती आल्यावर पौष-माघात निघावे. उन्हाळी धान करणारांनी मात्र त्याची रोवणी आधी पाहावी. पीककर्जाचा पैसा प्रवासात घालू नये. समुद्र कोठे जात नाही, हंगाम जातो.