रताळ्यातील सरळसोंड्या

आषाढी एकादशी व महाशिवरात्र जवळ आली की नागपुरातील प्रतापनगरपासून खेड्यातील आठवडी बाजारापर्यंत रताळ्यांस मागणी येते. त्यांतील एखादे शिजविल्यावर कडू लागते आणि दोष जमिनीस दिला जातो. पुष्कळदा ते कृत्य सरळ सोंडेच्या एका भुंग्याचे असते.

हा कीटक प्रथमदर्शनी मुंगीच भासतो. लांबी सुमारे ६ मिलिमीटर. डोके व पंख निळसर काळे, छाती व पाय तांबूस. धान्यातील सोंडा मुलांच्या परिचयाचा असतोच. त्याच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, याच्या सरळ; दोन्ही भिंगाखाली शेजारी ठेवल्यास हा भेद सांगावा लागत नाही. नराच्या मिशीचे शेवटचे पेर लांब नळीसारखे, तर मादीचे आखूड व अंडाकृती असते. उष्ण प्रदेशांतील अरण्यांत या कुळातील दोन इंचांहून मोठ्या जातीही आढळतात. आपल्या ताटाशी संबंध मात्र या लहानग्याचा.

मादी रताळ्यास किंवा वेलाच्या बुंध्यास सोंडेने भोक पाडून त्यात एकेक अंडे घालते व तोंड विष्ठेने बुजविते. बिनपायांची पांढरी अळी आतून पोखरीत जाते. अंड्यापासून भुंगा होण्यास सुमारे एक महिना लागतो. पोखरलेले रताळे स्वसंरक्षणार्थ कडू द्रव्ये तयार करते. शिजवूनही तो कडूपणा जात नाही, आणि ती द्रव्ये गुरांसही अपायकारक असतात. किडका भाग कापून उरलेला मुलांस वाढण्याची काटकसर म्हणूनच योग्य नव्हे.

भुंग्यास माती उकरता येत नाही. तो भेगांतून कंदापर्यंत उतरतो. उपाय यातच आला : वरंब्यास मातीची भर द्यावी, भेगा पडण्यापूर्वी पाणी द्यावे, बेणे निरोगी वेलाच्या शेंड्याचे घ्यावे, काढणीनंतर वेल व किडके कंद शेतात ठेवू नयेत. मादीच्या गंधद्रव्याची ओळख १९८६ साली पटल्यापासून नरांसाठी सापळेही निघाले आहेत. जपानमधील कुमे बेटावर वंध्य केलेले भुंगे सोडून २०१३ साली या किडीचे उच्चाटन करण्यात आले.

वर्गात दाखविण्यासाठी एक किडके रताळे काचेच्या बरणीत ठेवून तोंडास पातळ कापड घट्ट बांधावे. तीन-चार आठवड्यांत भुंगे बाहेर पडू लागतात. निरीक्षण संपताच बरणीतील सर्व जाळून टाकावे. उकिरड्यावर टाकू नये.