मेजाचा जमाखर्च

नागपूरच्या लकडगंजात सागवान घनफुटाच्या हिशेबाने विकले जाते आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव अद्याप ‘सीपी टीक’ असेच आहे. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला. लाकडाने मात्र त्याचे नाव टिकविले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील हा साग दूरवर जातो. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले आणि अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून. अशा सागाच्या उंबरठ्यावर वसलेल्या शहरात घरोघरी पार्टिकल बोर्डाची मेजे यावीत आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगून पापुद्रे सुटावेत, हे काहीसे विचित्र वाटते.

साधे लाकडी मेज घरी तयार करता येते. चार पाय, पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर फळ्या, एवढाच त्याचा संसार. घरी केल्याने पैसे वाचतात असे सांगितले जाते. परंतु खर्ची पडलेल्या रविवारांचे मोल धरले तर हा मुद्दा फारसा टिकत नाही. खरा लाभ निराळाच आहे. बाजारातून आणलेल्या मेजात कोणते लाकूड, कोणता चिकटपदार्थ आणि कोणते औषध गेले, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. घरच्या मेजाचा संपूर्ण जमाखर्च आपल्या हाती राहतो.

श्रावक कुटुंबाला हा जमाखर्च विशेष महत्त्वाचा वाटावा. आचार्य हेमचंद्रांनी १२ व्या शतकात ‘योगशास्त्रा’त वर्ज्य व्यवसायांचे जे पंधरा प्रकार सांगितले आहेत, त्यांतील वनकर्म, लाक्षावाणिज्य आणि विषवाणिज्य हे तीन सुताराच्या कामाला थेट भिडतात. वनकर्म म्हणजे झाडे तोडून विकणे, लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार आणि विषवाणिज्य म्हणजे विषाचा. हे निर्बंध उदरनिर्वाहाच्या धंद्याविषयी आहेत, घरगुती वापराविषयी नाहीत, हे खरे. तथापि लाकूड, पॉलिश आणि कीडनाशक या तिन्ही ठिकाणी निवड करण्याची संधी घरच्या कारागिरालाच मिळते.

प्रथम लाकूड. इतवारी आणि महाल भागांतील जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया, दारे, चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. अनेक कुटुंबांच्या स्वतःच्या माळ्यावरही एखादे जुने दार पडून असते. या लाकडासाठी नवे झाड पडत नाही, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिल्याने ते पुरते वाळलेले असते. ताज्या चिरलेल्या लाकडाचे मेज करणे म्हणजे न वटलेल्या धनादेशावर खर्च करण्यासारखे आहे.

जुने लाकूड मात्र पारखून घ्यावे. सागाचा गडद गाभा किडीला सहसा बळी पडत नाही. सालीलगतच्या पांढरट भागात पिष्ट असते आणि घुण तेथेच लागतो. फळी उभी करून हलकेच ठोकावी. बारीक छिद्रांतून पिठासारखा ताजा भुसा गळला, तर ती फळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. गाभ्याचे निरोगी लाकूड निवडले की औषध मारण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. जीव मारून मेज वाचविण्यापेक्षा जेथे जीव नाहीत असे लाकूड निवडणे, ही खरी जयणा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून रंगविलेले दार घराबाहेर, नाकाला कापड बांधून आणि मुलांना दूर ठेवून ओलसर करूनच खरवडावे. आरागिरणीत चिरायला देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक खिळा काढावा, अन्यथा गिरणीवाला पाते खराब झाल्याची भरपाई मागेल आणि ते योग्यच ठरेल.

आता माप. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीस इंच उंच असे मेज गृहीत धरू. एक इंच जाडीच्या वरच्या फळ्यांना ०.६७ घनफूट लाकूड लागते. अडीच इंच चौरस आणि २९ इंच लांब अशा चार पायांना ०.४२ घनफूट. चार इंच रुंद व एक इंच जाड पट्ट्यांपैकी ४२ इंचांच्या दोहोंना ०.१९ आणि १८ इंचांच्या दोहोंना ०.०८ घनफूट. बेरीज १.३६ घनफूट. तासण्या-कापण्यातील घट एक चतुर्थांश धरली तर १.७० घनफूट लाकूड मागावे. तयार मेजाचे वजन २५ किलोच्या आसपास भरेल. हा हिशेब कागदावर घेऊन लकडगंजात जाणाऱ्या ग्राहकाशी व्यापारी निराळ्या सुरात बोलतो, हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नकोच.

नागपूरचे मेज मोडते ते वजनाने नव्हे, हवेने. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब असते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र आकसते आणि फुगते. दोन फूट रुंदीचा सागाचा पृष्ठभाग या दोन ऋतूंमध्ये पाव इंचाच्या आसपास हलू शकतो. त्यात नागपूरचा कूलर भर घालतो. बाहेर लू आणि आत खसच्या टट्टीतून येणारी दमट हवा, अशा स्थितीत कूलरसमोर ठेवलेल्या मेजाची एक बाजू फुगते आणि दुसरी सुकते. वरच्या फळ्या खालच्या पट्ट्यांना घट्ट चिकटवून वर खिळे ठोकले, तर लाकडाला हलायला जागा राहत नाही आणि ते मधोमध तडकते. दोष लाकडाचा नसतो.

उपाय सोपा आहे. पायात चौकोनी भोक आणि पट्टीच्या टोकाला त्यात बसणारे कुसू करून चौकट पक्की चिकटवावी. वरचा पृष्ठभाग मात्र चौकटीला चिकटवू नये. चौकटीच्या आतल्या बाजूस लाकडी ठोकळे बसवून त्यांत रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडावीत आणि खालून वायसर घालून स्क्रू लावावेत. स्क्रू भोकात सरकतो आणि फळी मोकळी श्वास घेते. ज्यांना कुसू जमणार नाही त्यांनी कोपऱ्यात तिकोनी ठोकळे देऊन स्क्रूने चौकट जोडावी. त्यात कमीपणा काही नाही.

हत्यारे फारशी लागत नाहीत. करवत, हातोडी, एक पटाशी, गुण्या, टेप, भोके पाडण्याचे यंत्र आणि काचपेपर इतके पुरे. रंधा असल्यास उत्तम, नसल्यास फळ्या आरागिरणीतूनच रंधून आणाव्यात. शिकंजे विकत घेण्याची गरज नाही. चौकटीभोवती सुती दोरी गुंडाळून तिला काठीने पीळ दिला की जोड घट्ट आवळला जातो. चौकट काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही कर्ण मोजून कळते. दोन्ही मापे सारखी आली म्हणजे ताळा जुळला. एका सुताचा फरक असेल तर दोरी सोडून पुन्हा आवळावी. चिकटवण म्हणून पूर्वी सुतार कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळीत. आजचा पांढरा कृत्रिम गोंद त्या दोषातून मुक्त आहे.

अशा हातकामाचे शैक्षणिक मोल विदर्भाला नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने शाळेतील मूलोद्योगांत सुतारकामालाही स्थान दिले. घनफूट आणि कर्ण वहीत शिकलेला मुलगा आणि ते लाकडावर शिकलेला मुलगा यांत पडणारा फरक पालकांनी स्वतः पाहावा. इटलीत एन्झो मारी या कलावंताने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळे यांतून घरी करता येतील अशा मेज-खुर्च्यांचे नकाशे लोकांसाठी खुले केले. ते कोणीही वापरावेत, मात्र कारखानदार आणि व्यापारी यांनी नव्हे, अशी त्यांची अट होती. आपल्या वाचकांनी ती खेळकरपणे घ्यावी. घरच्या दिवाणखान्यात कोणीच व्यापारी नसतो.

शेवटी पॉलिश. सुताराला सांगितले तर तो बहुधा चपडा लाखेचे पॉलिश सुचवील. त्याची झळाळी अप्रतिम असते, परंतु लाख हा झाडाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा स्राव आहे आणि ती खरवडून काढताना त्यांचा संहार होतो. त्याऐवजी जवसाचे तेल वापरावे. जवस हे विदर्भाचे जुने पीक असून त्याचे तेल हवेत सुकून लाकडावर कठीण थर धरते. अर्थात तेलही घाणीतूनच येते आणि यंत्रपीडन हाही त्याच पंधरांपैकी एक प्रकार आहे. तेव्हा संपूर्ण निर्दोषतेचा दावा कोणी करू नये. कमी दोषाची निवड, एवढेच म्हणता येईल.

तेल कापडाने पातळ चोळावे, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि पुरते सुकेपर्यंत थांबून दुसरा हात द्यावा. कच्चे तेल प्रत्येक हाताला कित्येक दिवस घेते. घाई केली तर मेज चिकट राहते. येथे एक सावधगिरी जिवावरची आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तेल सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो आपोआप पेटू शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, दुकानाच्या माळ्यावर किंवा कापडाच्या गठ्ठ्यांजवळ असा बोळा पडणे म्हणजे आगीला निमंत्रण. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळू द्याव्यात.

मेज तयार झाल्यावर पहिला पावसाळा जाऊ द्यावा. दसऱ्याच्या साफसफाईत ते उलटे करून स्क्रू पाहावेत. सैल झालेले आवळावेत, पण अगदी जाम करू नयेत. वायसरभोवती स्क्रू सरकल्याची पुसट खूण दिसली तर मेज व्यवस्थित हलते आहे असे समजावे. पायाखाली डगमग असेल तर पाय कापण्याची घाई न करता प्रथम फरशी तपासावी. बहुतेक वेळा तीच असमान निघते.