आयसीयूतली झोप, व्हाइट नॉइज आणि समुद्राची गाज

मालवणात किनाऱ्यालगत घर असेल तर रात्रभर समुद्राची गाज कानावर असते. त्या आवाजात माणसं निवांत झोपतात. पण मध्यरात्री एखादी मोटरसायकल दारावरून गेली की डोळे उघडतात. असं का होतं? आयसीयूतल्या रुग्णांची झोप सुधारण्याच्या एका उपायामागे हाच प्रश्न आहे. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर हे नीट वाचा.

अडचण काय आहे?

आयसीयूत रात्रभर मॉनिटरचे अलार्म, व्हेंटिलेटर, सक्शन, बोलणं चालू असतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आपल्याकडे रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातल्या रात्रीसाठी ३० डेसिबल सुचवले. प्रत्यक्ष आयसीयूत मोजलं तर आकडा बहुतेक वेळा ५० च्या वर जातो. घरातलं कोणी ओरोसला किंवा बांबोळीला आयसीयूत राहिलं असेल, तर 'पेशंट रात्री बरळत होता' हे तुम्ही ऐकलं असेल. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात आणि तुटलेल्या झोपेशी त्याचा संबंध असल्याचं मानलं जातं.

व्हाइट नॉइज काय करतो?

पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, तशा व्हाइट नॉइजमध्ये ऐकू येणाऱ्या सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ताकदीने असतात. तो अलार्म बंद करत नाही, झाकतो.

आता गणित बघा. खोलीत ४० डेसिबल आहे आणि अलार्म ७० चा वाजला, तर उडी ३० ची. तिथे ६० डेसिबलचा व्हाइट नॉइज लावला तर अलार्मसकट एकूण आवाज साधारण ७०.४ होतो, कारण डेसिबलची साधी बेरीज होत नाही. म्हणजे उडी उरली जेमतेम १० ची.

२००५ मध्ये स्टँचिना आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. रेकॉर्ड केलेल्या आयसीयूच्या आवाजात झोप मोडण्याचं प्रमाण तासाला साधारण १३ वरून ४८ वर गेलं. व्हाइट नॉइज जोडल्यावर ते १६ च्या आसपास आलं. माणूस किती मोठ्या आवाजाने उठतो यापेक्षा आवाजाची उडी किती, हे महत्त्वाचं ठरलं.

आता संशोधकासारखं वाचा

पहिला प्रश्न: सॅम्पल कोण? त्या प्रयोगात अगदी मोजके जण होते आणि सगळे निरोगी. वेदना, औषधं, व्हेंटिलेटर यांपैकी काहीच नाही.

दुसरा: आवाज नक्की कोणता? १९९२ च्या विल्यमसन यांच्या अभ्यासात बायपास झालेल्या ६० रुग्णांपैकी एका गटाला आयसीयूतून बाहेर आल्यावर तीन रात्री समुद्राचा आवाज ऐकवला. त्यांनी झोप जास्त गाढ लागल्याचं सांगितलं, पण झोप लागायला होणाऱ्या त्रासात फरक दिसला नाही. इथे गंमत अशी की समुद्राची गाज म्हणजे काटेकोर व्हाइट नॉइज नव्हेच. तिच्यात खालच्या फ्रिक्वेन्सी जास्त असतात, शिवाय लाटेबरोबर ती चढते-उतरते.

तिसरा: झोप मोजली कशी? स्टँचिनांनी मेंदूच्या लहरी नोंदवल्या, विल्यमसन यांनी प्रश्नावली वापरली. 'मला चांगली झोप लागली' आणि 'मेंदू खरोखर झोपला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष एकत्र ठेवताना हे विसरू नका.

२०२१ मध्ये झोपेसाठी आवाज वापरणाऱ्या ३८ अभ्यासांचा आढावा निघाला. एकूण पुराव्याचा दर्जा त्यात फारच कमी ठरला.

मोकळी जागा कुठे आहे?

वरच्या गणितात एक किंमत दडलेली आहे. उडी कमी करायला आपण खोली ६० डेसिबलची केली. आधीच मर्यादा ओलांडलेल्या खोलीत आणखी आवाज! आणि जो अलार्म रुग्णाला ऐकू येऊ नये असं आपल्याला वाटतं, तो सिस्टरांना मात्र ऐकू यायलाच हवा. म्हणून खोलीत स्पीकर लावण्यापेक्षा रुग्णाच्या कानाशी कमी आवाज, किंवा साधे इअरप्लग, किंवा अलार्मची मर्यादा रुग्णानुसार बदलणं, यांची तुलना करणारा प्रश्न जास्त उपयोगी ठरेल.

तेव्हा 'व्हाइट नॉइजचा झोपेवरील परिणाम' असं ढोबळ शीर्षक घेऊन गाइडकडे जाऊ नका. कोणते रुग्ण, किती डेसिबल, कशाशी तुलना, झोप कशाने मोजणार आणि अलार्म चुकला तर काय, या पाच प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहा. ती लिहिता आली तर सिनॉप्सिस अर्धा झालाच म्हणून समजा.