मुलाखतीस जातांना टाळावयाच्या चुका

परीक्षा उत्तीर्ण झाली कीं नोकरी हातीं आली, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु लेखी परीक्षेंत चमकलेला उमेदवार अर्ध्या तासाच्या संभाषणांत मागें पडतो, असें अनेकदां घडतें. आणि त्याचें कारण बहुधा अज्ञान नसून कांहीं साध्या चुका हें असतें.

मुलाखतीचें महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत अंतिम निवडीसाठीं एकूण २०२५ गुण असतात. त्यांपैकीं १७५० लेखी परीक्षेचे व २७५ मुलाखतीचे. आयोग तिला व्यक्तिमत्त्वाची चाचणी म्हणतो. पाठांतर नव्हे, तर उमेदवाराची विचारशक्ति, समतोल बुद्धि आणि सचोटी तींत पाहावयाची असते.

पहिली चूक अर्जांतच होते. तो अर्ज परीक्षकांच्या समोर असतो. म्हणून त्यांतील प्रत्येक शब्दाचा जाब देतां आला पाहिजे. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या अर्जांत मीं ‘वाचनाचा छंद’ असें लिहिलें होतें. अलीकडे काय वाचलें, असें विचारतांच मीं एका प्रसिद्ध पुस्तकाचें नांव ठोकून दिलें. त्याचा शेवट विचारला, तेव्हां माझी बोबडी वळली. न वाचल्याचा दोष क्षम्य ठरला असता. खोटेपणाचा ठरला नाहीं.

दुसरी चूक उतावळेपणाची. प्रश्न पुरा ऐकून, क्षणभर विचार करून मगच बोलावें. येत नसेल तर “क्षमा असावी, मला हें ठाऊक नाहीं,” असें सरळ सांगावें. तिसरी चूक भाषेच्या डौलाची. वरील आयोगापुढें मराठींतूनहि मुलाखत देण्याची सोय आहे. ज्या भाषेंत विचार स्पष्ट मांडतां येतो आणि जी तेथें चालते, ती निवडावी. उसन्या भाषेचा थाट मिरवूं नये. याखेरीज उशिरां पोहोंचणें, त्या संस्थेच्या कार्याची माहिती न घेतां जाणें आणि पूर्वीच्या वरिष्ठांची निंदा करणें, हे दोषहि परीक्षकांच्या नजरेंतून सुटत नाहींत.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलासाठीं वशिला शोधीत हिंडूं नये. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठीं मुलाखतीच बंद केल्या. वशिल्यास व लांचलुचपतीस वाव राहूं नये, हा त्यांतील एक मुख्य हेतु होता. शिवाय ज्याच्यासाठीं दुसऱ्यानें शब्द टाकला, त्याचा स्वतःच्या शब्दांवरील विश्वास उडतो, ही हानि नोकरी न मिळण्याहून मोठी आहे.

विद्यार्थीमित्रांनो, मुलाखतीची तयारी आदल्या रात्रीं होत नाहीं. वर्गांत उभें राहून “गुरुजी, मला हें समजलें नाहीं,” असें म्हणण्याचें धैर्य ज्यानें आज कमावलें, त्याची निम्मी तयारी झाली, असें समजावें.